या दुकानात एकच टेप

मास्तरबाई शाळेत जेमतेम तिसरीपर्यंत टिकल्या. "शाळेनं मला टाकलं, मग मी म्हटलं, जा, मीच मास्तर होते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. आणि झाल्याही. शिवणाच्या धंद्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात. बाई असली म्हणून काय झालं, कात्री तिच्या हातात तर मास्तर तीच. लहान मुलांचे कपडे बेतण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मूल दुकानात आणायचीसुद्धा गरज नसे. वय सांगा, अंगानं भरलेलं आहे की नुसती काडी ते सांगा, आणि कपडा घेऊन जा. गळा डोक्यातून अलगद उतरायचा आणि खांद्यावरून तसूभर ढळायचा नाही. सैल गळा म्हणजे आळशी मास्तर, असं त्यांचं म्हणणं.

दुकानाचे नियम त्यांचेच. मशीनवर चहाचा कप ठेवायचा नाही, कात्रीनं कागद कापायचा नाही, आणि या दुकानात एकच टेप. ती त्यांच्या गळ्यात. कापडी, पिवळी पडलेली, त्यांच्या उस्तादांनी दिलेली. आकडे पुसट होत गेले तसे मास्तरबाईंनीच ते शाईनं पुन्हा गिरवले होते. अंगाचं माप तिनंच घ्यायचं आणि कापडही तिनंच बेतायचं. सून लग्न होऊन आली तेव्हा शिवणाच्या क्लासातली स्वतःची टेप घेऊन आली होती. मास्तरबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवली. "एका घरात दोन चुली आणि एका दुकानात दोन टेपा, वाटोळं ठरलेलंच," म्हणाल्या. टेप तिथेच लटकत राहिली.

अशा बाईंचं पुस्तक निघायचं होतं. मूल समोर नसताना, नुसत्या वयावरून त्याचा कपडा कसा बेतावा याचं पुस्तक.

आधी त्या एका प्रकाशकाकडे गेल्या होत्या. मोठं टेबल, त्याहून मोठी खुर्ची, आणि खुर्चीत हरवलेला एवढासा माणूस. त्यानं पानं चाळली आणि म्हणाला, "मजकूर चांगलाय. पण कव्हरवर सूनबाईंचं नाव घालू. त्या पदवीधर आहेत. तिसरी शिकलेल्या बाईचं पुस्तक घेणार कोण?"

मास्तरबाईंनी त्याच्या शर्टाकडे बघितलं. "खांदा दोन बोटं उतरलाय तुमचा. शिवणारा पदवीधर होता वाटतं," म्हणाल्या, आणि कागद उचलून चालू पडल्या.

मागून तो म्हणाला, "स्वतः छापाल, पण चुका कोण बघणार?"

ते वाक्य मात्र कपड्यात राहून गेलेल्या टाचणीसारखं त्यांना अधूनमधून टोचत असे.

मग सगळं सुनेनं अंगावर घेतलं. सासू बोलायची, सून ते मोबाइलमध्ये भरून घ्यायची आणि दुपारी ऐकून ऐकून कंप्यूटरवर उतरवायची. चित्रं तिनं काढली, पानं तिनं लावली, कव्हर तिनं केलं. मोबाइलवर वाचायचं पुस्तक आठवड्यापूर्वीच बाहेर पडलं होतं. त्याचं काय, फाइल चढवली की गेलं गावोगाव. कागदाच्या पुस्तकाला मात्र छापखान्याची वाट बघावी लागली. प्रूफाचं पान न् पान मास्तरबाईंनी स्वतः तपासलं. अक्षरं त्यांना चाचपडत वाचावी लागत, पण आकडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. शेवटच्या पानावर सही करताना त्यांनी पेन असं दाबलं की सही खालच्या दोन पानांवर उमटली. कव्हरवर त्यांचं नाव ठसठशीत. आत, बारीक अक्षरांत, अक्षरजुळणी आणि मांडणी म्हणून सुनेचं.

आज छपाई होती. रविवारी दुकानासमोर खुर्च्या मांडून अख्ख्या गल्लीला बोलावलेलं होतं.

सकाळी शटर वर गेलं आणि सुनेचा मोबाइल वाजला. तिनं उभ्याउभ्याच वाचलं, आणि वाचून झालं तरी खाली ठेवला नाही.

"काय झालं? कोण गेलं?" मास्तरबाईंनी विचारलं.

"कोणी नाही आई. एका वाचक बाईंचं आहे. आपल्या पुस्तकात बघून त्यांनी तीन वर्षांच्या मुलीचा फ्रॉक शिवला. गळा डोक्यातून जात नाही म्हणतात."

"डोकं मोठं असेल. आईवर गेलं असेल."

कोपऱ्यात बसून काजं करणारे आबा खुदकन हसले. आबा म्हणजे मास्तरबाईंचे यजमान. नोकरी संपल्यापासून ते दुकानात बटणं लावत आणि सोयीप्रमाणे बहिरे होत.

सून हसली नाही. "कालही एक आलं होतं. मी तुम्हाला बोलले नाही. झबलं काखेत रुततंय म्हणून. आणि परवा..."

"परवा पण?"

"परवा एकीनं मोठ्या मुलाला सदरा शिवला. तो धाकट्याला बसला."

"मग वाया कुठे गेला? धाकट्याचं नशीब उघडलं." मास्तरबाईंनी खडूचं टोक कात्रीनं तासलं. "शिवता येईना, पुस्तक वाकडं. या बायका मोबाइलमध्ये बघून भाजी चिरतात, मोबाइलमध्ये बघून मूल निजवतात, आता मोबाइलमध्ये बघून शिवायला निघाल्यात. हातच वाकडे, त्याला पुस्तक काय करणार?"

बोलणं ठसक्यात झालं, पण खडूचं टोक मोडलं.

तेवढ्यात छापखानेवाल्याचा फोन आला. प्लेटा चढल्या होत्या, कागद लागला होता. "मास्तरबाई, दुपारी सुरू करतो. आज झालं तर झालं. उद्यापासून मशीन शाळेच्या वह्यांना बांधलेलं आहे, मग दोन महिने माझं तोंड बघू नका."

सुनेनं हातानं खूण केली, थांबवा.

मास्तरबाईंनी फोन पदरानं झाकला. "काय थांबवा? रविवारी लोकांपुढे काय ठेवू, तुझं तोंड?"

"आई, तीन जणी तीन गावांच्या आहेत. एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. तिघींचेही हात वाकडे कसे असतील?"

मास्तरबाईंनी फोनवरचा पदर काढला. मग फोनमध्ये म्हणाल्या, "मी सांगते तुम्हाला. माझा फोन येईस्तोवर बटणाला हात लावायचा नाही." आणि फोन ठेवून त्या सुनेकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला. त्या ओरडत तेव्हा घरात कोणी घाबरत नसे. आवाज खाली आला की आबासुद्धा सुई खोचून ठेवत.

"तू आकडे चुकवलेस, सूनबाई."

"मी?"

"नाहीतर कोण? माझ्या तोंडातून गेलेलं माप चुकत नाही. तुझ्या बोटांतून जाताना काय झालं ते तू बघ. कंप्यूटरपुढे बसलं की तुम्हा शिकलेल्यांना स्वर्ग दोन बोटं उरतो. माझं नाव आहे कव्हरवर, माझं! आयुष्यभर कमावलेलं नाव तू दहा बोटांनी बुडवलंस."

"अगं..." आबा म्हणाले.

"तुम्ही काजं करा."

सुनेच्या मानेवर लाल चट्टे उठले. तिनं मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि मोबाइल कापायच्या टेबलावर ठेवला. त्यातून मास्तरबाईंचाच आवाज आला, खणखणीत: "तीन वर्षांचं मूल. खांदा सव्वानऊ. सव्वानऊ म्हणजे सव्वानऊ, नऊ नाही." सुनेनं प्रूफातलं ते पान काढून शेजारी धरलं. खांदा, सव्वानऊ. तिनं पुढचं ऐकवलं. छाती, गळा, बाही, घेर. आवाज आकडा सांगायचा आणि सुनेचं बोट तोच आकडा दाखवायचं. कुठेही पाव इंचाचा फरक नव्हता.

"आकडे तुमचेच आहेत आई. जसेच्या तसे," सून म्हणाली. "तरी तुमचा माझ्या बोटांवर भरवसा नसेल तर आतल्या पानावरचं माझं नाव काढून टाका. छापायच्या आत सांगा त्यांना. मला त्या पुस्तकात राहायचं नाही."

मास्तरबाईंना ते झोंबलं. आणि काही झोंबलं की त्या कापड काढत. "नावाचं मागाहून बघू," म्हणाल्या. "ठकीला आण इकडे. आत्ता तुझ्यासमोर दूध का दूध करते."

ठकी म्हणजे नात, तीन वर्षांची, गोल डोक्याची. तिला टेबलाच्या टोकावर बसवलं. मास्तरबाईंनी फडताळातून फुलाफुलांचं सुती कापड ओढलं, चार पदरी घडी घातली आणि गळ्यातली टेप एका झटक्यात ताणून वर धरली. "वाच. पुस्तकात आहे तेच वाच."

सून वाचत गेली, सपाट आवाजात. टेप ताणली जात होती, खडू सरकत होता. मग कात्रीचा तो सलग आवाज, ज्याला आबा कौतुकानं 'हिचं गाणं' म्हणत. मशीन धडधडलं. गळपट्टी लागली, बाह्या बसल्या. मास्तरबाईंनी दातानं दोरा तोडला आणि फ्रॉक ठकीच्या डोक्यावर धरला.

फ्रॉक पाण्यासारखा खाली उतरला. गळा मानेशी चपखल बसला. ठकीनं गिरकी घेतली.

"बोल आता!" मास्तरबाईंचा चेहरा उजळला. "पुस्तकातलाच आकडा, तूच वाचलास, मीच कापला. आहे का कुठे रुतलेलं? नाचता येईना, अंगण वाकडं!" आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन लावला. "हां, मीच. चालू करा मशीन. पुस्तकात काही चूक नाही."

फोन टेबलावर आपटला तसा त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. त्या जेवायला आत निघाल्या.

"आई," सून म्हणाली. "हे तुम्ही बेतलंत. पुस्तक घेणाऱ्याच्या घरी तुम्ही नसता. एक मी शिवून बघते. तुम्ही हात लावायचा नाही, बोलायचंही नाही."

"शीव की. तेवढीच करमणूक."

सुनेनं टेपेसाठी हात पुढे केला. मास्तरबाईंचा हात आपसूक गळ्याशी गेला. ती टेप त्यांनी कधी कोणाच्या हातात दिली नव्हती, पोटच्या पोराच्याही नाही. "ती खिळ्यावरची घे," म्हणाल्या. "टेप ती टेप. आकडे सगळ्यांवर तेच असतात."

सुनेनं खिळ्यावरची टेप काढली. तिच्यावरची धूळ पुसली.

आत ताटावर बसूनही मास्तरबाईंचे कान बाहेरच होते. सुनेची कात्री त्यांच्या कात्रीपेक्षा हळू चालायची, पण थांबायची नाही. पोरीला कापता येत होतं. ते त्यांना ठाऊक होतं, कबूल कधी केलं नव्हतं. मशीन थांबलं. मग ठकीचा आवाज आला, आधी हसल्याचा, मग कुरकुरल्याचा, आणि मग तिनं भोकाड पसरलं.

मास्तरबाई उष्ट्या हातानं बाहेर आल्या. फ्रॉकचा गळा ठकीच्या कानांवर अडकला होता. आत डोकं, बाहेर हलणारे दोन हात. "आजी! काऽळोख!" ती ओरडत होती. सुनेनं हळूच सोडवलं. पोरीचं नाक लाल झालं होतं. सून तिला कडेवर घेऊन आत गेली. जाताना तिनं सासूकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं.

टेबलावर दोन फ्रॉक. कापड एकच, पुस्तक एकच, पोरगीही एकच.

मास्तरबाईंनी हात धुतले, पुसले आणि सुनेचा फ्रॉक हातात घेतला. चूक शोधायला त्यांना वेळ लागत नसे. मागं कोणी शिकाऊ पोरी आल्या तर त्या नुसत्या शिवणीवर बोट फिरवून सांगत, इथं कापड ओढलंस, इथं खडूच्या आतून कापलंस. त्यांनी बोट फिरवलं. शिवण सरळ. गळ्याची गोलाई बरोबर. मग त्यांनी सुनेचा फ्रॉक आपल्या फ्रॉकवर ठेवला, खांद्याला खांदा लावून.

तो सगळीकडून लहान होता. खांद्याला जरासा, छातीला थोडा जास्त, लांबीला त्याहून जास्त. जणू त्यांचाच फ्रॉक कोणी पाण्यात बुडवून आटवला होता.

हाताची चूक एका जागी असते. इथं बाही चुकते, तिथं काख चुकते. सगळीकडून सारखं लहान कोणाच्या हातून होत नाही, ठरवलं तरी होत नाही. हे हाताचं काम नव्हतं.

त्यांनी गळ्यातली टेप काढली. सुनेची टेप टेबलावर पसरली, तिच्या शेजारी आपली पसरली, दोन्हींची तोंडं एका रेषेत धरली. पहिल्या काही आकड्यांना फरक कळतसुद्धा नव्हता. दहापाशी त्यांच्या टेपेचा आकडा जरासा पुढे सरकलेला दिसला. विसापाशी आणखी. मग मास्तरबाई टेबलाच्या कडेनं सरकत गेल्या, सावकाश, जशी माणसं वाईट बातमी असलेल्या घराकडे जातात. सुनेची टेप साठावर संपली. त्यांची टेप संपली नव्हती. ती दोन बोटं पुढे पडली होती.

टेप लांबली होती.

रोज ताणून धरलेली, झटके दिलेली, घामानं भिजलेली, धुऊन वाळत घातलेली टेप. कापडच ते, लांबणार नाही तर काय! गिऱ्हाइकांना त्या स्वतः सांगत, कापडावर भरवसा ठेवू नका, आधी भिजवून घ्या. आपल्या गळ्यात लोंबतंय तेही कापडच, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. दुकानात अंग तिनंच मोजलं, कापडही तिनंच मोजलं. चूक दोन्हीकडून सारखी, म्हणून चूक कधी दिसलीच नाही. कोणत्या वयाला किती इंच, हे डोक्यात बसलं तेही याच टेपेनं. आणि आता ते आकडे पुस्तकात बसून लोकांच्या घरी गेले होते, जिथं लोकांच्या टेपा होत्या. चांगल्या, सरळ, न ताणलेल्या.

आतून ठकीचे हुंदके आणि सुनेचं "झालं हं, झालं" ऐकू येत होतं. आबांची मान काजावर वाकलेली होती. बघितलेलं कोणी नव्हतं. सुनेची टेप पुन्हा खिळ्याला अडकवायची, आपली गळ्यात घालायची आणि सून बाहेर आली की म्हणायचं, तुझा हात आखडता आहे. एवढंच करायचं होतं. छापखान्यात मशीन सुरू झालं असेल. रविवारी पुस्तक हातात असेल. लोकांचे फ्रॉक लहान झाले तर लोक म्हणतील, घरगुती छापलेलं, टाइपात चुका असणारच. म्हणजे सून. तिनं तर नाव काढायलाच सांगितलं होतं.

त्यांनी खिळ्याकडे बघितलं. टेप इतकी वर्षं टांगलेली होती तिथं भिंतीवर तिच्या आकाराची पांढरी रेघ राहिली होती.

"काय गं?" आबांनी मान न उचलता विचारलं. "अर्ध्या ताटावरून उठलीस?"

मास्तरबाईंनी फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मशीनच्या आवाजात फोन ऐकू येणार कोणाला! त्यांनी दोन्ही टेपा मुठीत घेतल्या, चपला पायांत सरकवल्या आणि आत बघून हाक मारली, "ठकीला आबांकडे दे आणि चल."

"कुठे?"

"छापखान्यात."

सुनेचा चेहरा दगडासारखा झाला. "माझं नाव काढायला मी कशाला हवी? तुम्ही सांगा की."

"चल म्हटलं ना!"

रस्त्यानं मास्तरबाई एरवी डुलत चालत, दुकानं बघत, लोकांच्या कपड्यांना नावं ठेवत. आज समोरून येणाऱ्यांनी त्यांना वाट करून दिली. बेकरीवाल्यानं "रविवारी नक्की हं मास्तरबाई!" म्हणून हात हलवला. त्यांनी मान वळवली नाही.

छापखान्याचं दार ढकललं तशी जमीनच पायाखाली थरथरायला लागली. शाईचा वास, आणि यंत्राच्या एका तोंडातून गिळले जाणारे, दुसऱ्या तोंडातून पडणारे मोठे मोठे कागद. मास्तरबाईंनी कडेच्या थप्पीवरचा कागद उचलला. शाई ओली होती. तीन वर्षांचं मूल. खांदा सव्वानऊ.

"थांबवा!" त्या ओरडल्या. छापखानेवाल्यानं हसून हात जोडले; त्याला वाटलं, आनंदानं ओरडतायत. मग त्यानं त्यांचं तोंड बघितलं आणि लाल बटण दाबलं. यंत्र दोनदा धापा टाकून गप्प झालं.

"काय झालं लेखिकाबाई?"

"आकडे चुकलेत."

"आत्ता तर म्हणालात, चूक नाही." त्यानं सुनेकडे एक नजर टाकली, समजूतदारपणाची, दोघांनाच कळेल अशी. "होतं हो. घरी टाइप केलं की होतंच. पहिले दोन फर्मे झालेत, म्हणजे बत्तीस पानं, पण त्यासाठी काम कशाला थांबवायचं? शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवू. अक्षरजुळणीतल्या चुकांबद्दल दिलगीर आहोत. सगळेच चिकटवतात, वाचत कोणी नाही. रविवारी पुस्तक तुमच्या हातात."

सून थप्पीवरच्या वरच्या कागदाकडे बघत होती, जिथं तिचं नाव होतं, मुंगीएवढं.

मास्तरबाईंना तो खुर्चीत हरवलेला माणूस आठवला. चुका कोण बघणार? टाचणी खोल गेली.

"अक्षरं बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. आवाज चिरका आला म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाल्या, कामगारांना ऐकू जाईल एवढ्यानं. "अक्षरं बरोबर आहेत. मी सांगितलं तेच या पोरीनं उतरवलंय, काना-मात्रा न बदलता. चुकली ती माझी टेप." त्यांनी मूठ उघडली. "म्हणजे मी."

छापखानेवाल्यानं दोन्ही टेपांकडे बघितलं. "टेप कशी चुकेल?"

"लांबलीय."

"टेप लांबते?"

"माणसाची जीभ लांबते, टेपेला काय धाड भरलीय?"

सुनेनं मान वर केली. तिनं सासूच्या हातातून दोन्ही टेपा घेतल्या, तोंडाशी तोंड लावलं, शेवटापर्यंत बोटं सरकवली. त्या दोन बोटांच्या तुकड्याशी येऊन ती थांबली. मास्तरबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती.

"दोन महिने," छापखानेवाला म्हणाला. "आधी सांगितलंय. मला मशीन अडकवून ठेवता येणार नाही."

"नका ठेवू."

"आणि रविवारचं?"

"रविवारी खुर्च्या आहेत, चहा आहे, मी आहे. पुस्तक नाही एवढंच. लोकांना मी तोंडानं सांगीन, का नाही ते." त्यांनी ओला कागद थप्पीवर परत ठेवला. "छापलेलं सगळं बांधून द्या. मला बेतायला कागद लागतोच. आणि ते आतलं पान. ज्याच्यावर हिचं नाव आहे ते..."

सुनेच्या हातातल्या टेपा स्थिर झाल्या.

"ते फार बारीक झालंय. मला वाचता येत नाही," मास्तरबाई म्हणाल्या. "मोठं करा."

परतताना उन्हं कलली होती. सून म्हणाली, "मोबाइलवरचं आधी बंद करते. आत्तासुद्धा कोणीतरी विकत घेत असेल."

"ज्यांनी घेतलं त्यांचं काय?"

"त्यांना दुरुस्त केलेलं परत जाईल, आपोआप. सोबत दोन ओळी लिहिता येतात. काय लिहू?"

मास्तरबाई चालता चालता थांबल्या. "लिही. तुमच्या मुलांची डोकी मोठी नाहीत. माझी टेप लांबली होती. नवे आकडे येतायत, त्यांनी शिवा. लहान झालेले कपडे टाकू नका, घरात धाकटं असेलच, नसलं तर होईल."

सुनेला हसू आवरेना. "आणि क्षमस्व?"

"तेही लिही," मास्तरबाई म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "बारीक अक्षरांत." आणि त्या पुढे चालू लागल्या. सुनेकडे न बघता त्यांनी पुढचं वाक्य हवेत सोडलं, "सकाळी मी जे बोटांचं बोलले ते दुकानात सांडलंय. केर काढशील तेव्हा काढून टाक."

"तुम्ही सांडलंय ना?" सून म्हणाली. "मग केर तुम्ही काढा."

मास्तरबाईंनी वळून तिच्याकडे डोळे मोठे केले. पण दुकानात शिरल्यावर त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि खरोखरच केर काढला. आबांनी सुई हातातच धरून ते बघितलं आणि बहिरे असल्यासारखे गप्प राहिले.

मग त्यांनी कापायचं टेबल मोकळं केलं. जुनी टेप पसरली आणि तिच्या तोंडावर कात्री ठेवली, हलू नये म्हणून. सुनेनं आपली टेप शेजारी लावली आणि कंप्यूटर जवळ ओढला. मास्तरबाईंनी जुन्या टेपेचं दुसरं टोक धरलं. एकेक आकडा इथं शोधायचा, तिथं वाचायचा. सगळं पुस्तक असंच जायचं होतं.

"आई, ताणू नका."

"कुठं ताणतेय?"

"ताणताय. आधीची सवय आहे ती. सैल धरा."

मास्तरबाईंनी बोटं जराशी ढिली केली. टेप टेबलावर टेकली.

"तीन वर्षांचं मूल," त्या म्हणाल्या. "खांदा, सव्वानऊ. तुझी काय म्हणतेय?"

सून वाकली, दोन्ही टेपांवर बोट आडवं धरून तिनं नीट बघितलं.

"साडेनऊ," ती म्हणाली. "साडेनऊ म्हणजे साडेनऊ, सव्वानऊ नाही."

कोपऱ्यातून आबा खुदकन हसले.

"हसायला काय झालं?" मास्तरबाई कडाडल्या. "काजं करा! आणि तू, बघतेस काय? लिही."